एकेरी रुळावरचा पाठलाग

या व्याख्यानमालेत इतिहासाच्या नावाखाली लढाया, तह आणि राजघराणी यांवर पुष्कळ बोलून झाले आहे. आम्ही चित्रपटातील पाठलाग हा विषय घेतला, तेव्हा काही स्नेह्यांनी नाके मुरडली. चोर पुढे, पोलीस मागे, शेवटी चोर सापडला. यात तासभर बोलण्यासारखे ते काय, असा त्यांचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे. पण आमचे म्हणणे असे की, माणसाने माणसाच्या मागे धावणे हे रामायणातील कांचनमृगाइतके जुने असले, तरी पडद्यावर आपण ज्याला पाठलाग म्हणतो त्याला जन्मतिथी आहे, जन्मगाव आहे, आणि त्याची आई आगगाडी आहे. या जातीच्या चित्रपटांपैकी बुद्धी असलेला कोणता आणि नुसता गोंगाट करणारा कोणता, हे ओळखण्याची खूणही त्या जन्मकथेतच सापडते. म्हणून आरंभ तेथूनच करू.

अमेरिकेतील यादवी युद्धाचे दुसरे वर्ष. तारीख 12 एप्रिल 1862, वार शनिवार. जॉर्जिया प्रांतात अटलांटाहून चॅटनूगाकडे जाणारा 138 मैलांचा लोहमार्ग होता, आणि तो होता एकेरी. पहाटे निघालेली उतारूंची गाडी बिग शँटी नावाच्या ठाण्यावर न्याहारीसाठी थांबली. गार्ड, ड्रायव्हर व उतारू खानावळीत शिरले. गाडीत बसलेली वीसएक माणसे मात्र न्याहारीला उतरली नाहीत. ते उत्तरेकडील फौजेचे शिपाई होते. साधे कपडे घालून शत्रूच्या मुलखात शिरलेले. त्यांचा म्होरक्या जेम्स अँड्रूज. त्यांनी उतारूंचे डबे सोडविले, तीन मालडबे ठेवले आणि ‘जनरल’ नावाचे इंजिन घेऊन ते उत्तरेकडे निघाले. बिग शँटीला तारायंत्र नव्हते. ते ठाणे निवडण्याचे कारणच ते. वाटेत तारा तोडायच्या, रूळ उखडायचे, पूल जाळायचे, आणि चॅटनूगा शहराला दक्षिणेकडून मदत मिळू द्यायची नाही, असा बेत होता.

गार्ड विल्यम फुलर ताटावरून उठला आणि रुळावरून पायी धावत सुटला. इंजिनामागे माणूस धावतो आहे हे पाहून लोक हसले असतील. परंतु फुलर हा त्या मार्गावरचा माणूस. एक गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती : हा मार्ग एकेरी आहे, समोरून गाड्या येणार आहेत, आणि चोरीचे इंजिन झाले तरी त्याला वेळापत्रक चुकवता येत नाही. सुमारे दोन मैल धावल्यावर त्याला रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगची ढकलगाडी मिळाली. ती रेटीत तो एटोवा नदीपर्यंत आला. तेथे ‘योना’ नावाचे इंजिन उभे होते. ते घेऊन तो किंगस्टनला पोचला.

किंगस्टनला काय घडले होते ते पाहा. अँड्रूजला तेथे एका येणाऱ्या मालगाडीसाठी सायडिंगला थांबावे लागले. आपण दारूगोळा घेऊन दक्षिणेच्या सेनापतीकडे निघालो आहोत, अशी थाप त्याने ठोकली होती. मालगाडी आली, पण तिच्या शेवटच्या डब्यावर लाल बावटा. आमच्या श्रोत्यांत रेल्वेची माणसे असतील तर ती लगेच समजली असतील : मागून आणखी एक गाडी येत आहे. ती दुसरी आली, तिच्याही मागे लाल बावटा. अँड्रूजचा एक तासाहून अधिक वेळ तेथे गेला. आणि या जादा गाड्या आल्या कोठून? अँड्रूजच्याच पक्षाचा सेनापती मिचेल याने आदल्या दिवशी ठरल्याप्रमाणे हंट्सव्हिल घेतले होते, म्हणून घाबरलेले लोक चॅटनूगाहून सामानसुमान दक्षिणेला हलवीत होते. अँड्रूजने पावसामुळे आपला बेत एक दिवस पुढे ढकलला होता. मिचेलने ढकलला नाही. स्वतःच्या सेनापतीच्या वक्तशीरपणानेच हा माणूस कोंडला गेला. कोणत्या कथालेखकाला असे सुचेल?

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. फुलरने किंगस्टनला इंजिन बदलले, उखडलेल्या रुळापाशी तेही सोडले, पुन्हा पायी धावला, आणि समोरून येणारी मालगाडी अडवून तिचे ‘टेक्सास’ नावाचे इंजिन घेतले. ते फिरवायला वेळ कोठून? तसेच ते उलटे, मागल्या अंगाने, पळविले. अँड्रूजचे लोक रुळावर लाकडी स्लीपर टाकीत होते, मागचे डबे सोडून देत होते; फुलर ते डबे पुढे ढकलीत नेऊन सायडिंगला टाकीत होता. वाटेत त्याने सतरा वर्षांच्या एका तारमास्तर पोराला इंजिनावर घेतले आणि डाल्टनला उतरवून तार पाठवायला लावली. लाकडी पूल पेटवावेत तर पाऊस पडत होता. ओले लाकूड पेटेना. शेवटी रिंगगोल्डच्या पुढे दोन मैलांवर ‘जनरल’चे लाकूड आणि पाणी संपले आणि ते थांबले. सत्त्याऐंशी मैलांचा हा पाठलाग. अँड्रूजसह आठ जणांना फाशी झाली. काही कैदेतून निसटले, उरलेल्यांची पुढे अदलाबदल झाली. अमेरिकेचे ‘मेडल ऑफ ऑनर’ हे शौर्यपदक प्रथम ज्यांना मिळाले ते याच तुकडीतील शिपाई.

हा प्रसंग आम्ही इतक्या विस्ताराने सांगितला, कारण पुढे साठ-सत्तर वर्षांत सिनेमावाल्यांना जे जे शोधून काढावे लागले ते सगळे त्यात आधीच होते. रस्ता एकच, आणि तो दोघांनाही बांधलेला. घड्याळ एकच. शस्त्र म्हणून हाताशी तीच वस्तू जी रोज कामात असते : स्लीपर, सांधा, डबा, तार. आणि जिंकतो तो अधिक वेगाने धावणारा नव्हे. फुलर तर पायी निघाला होता. ज्याला मार्ग पाठ आहे तो जिंकतो.

आता पडद्याकडे वळू. चलच्चित्रे निघाली तेव्हा ती मिनिटभराची असत. दोन-चार तुकडे जोडून गोष्ट सांगायची ठरले, तेव्हा प्रेक्षकाला एका तुकड्यातून दुसऱ्यात न्यायचे कसे, हा प्रश्न उभा राहिला. त्याला सर्वांत सोपे उत्तर मिळाले ते पाठलागाचे. माणूस उजवीकडून पडद्याबाहेर पळाला, पुढच्या तुकड्यात डावीकडून आत आला, की अडाणी प्रेक्षकालाही कळते की हा तोच पळतो आहे. 1901 साली इंग्लंडात जेम्स विल्यमसनने खाटकाच्या पाटीतून मांस पळविणारा भिकारी आणि त्याच्यामागे लागलेली कुत्री दाखविली. 1903 साली अमेरिकेत एडविन पोर्टरने ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ काढला. तेथेही आगगाडी आलीच. पण आम्हांला या बाल्यावस्थेतील सर्वांत शहाणा चित्रपट वाटतो तो 1905 सालचा, सेसिल हेपवर्थ या इंग्रजाचा, ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’. एका भिकारणीने पळविलेले तान्हे मूल घरचा कुत्रा शोधून काढतो, एवढीच सहा-सात मिनिटांची गोष्ट. बहुतेक घरच्याच माणसांना घेऊन केलेला हा चित्रपट. खर्च आठ पौंडांच्या आत. त्याला मागणी इतकी आली की प्रती काढून काढून मूळ फिल्म झिजली आणि सगळा चित्रपट पुन्हा दोनदा घ्यावा लागला.

त्यात असे काय होते? कुत्रा रस्त्याने धावतो, कोपरा वळतो, नदी पोहून जातो, गरीब वस्तीतील एक दार गाठतो. मग त्याच वाटेने परत येतो. मग मालकाला घेऊन पुन्हा त्याच वाटेने जातो. तिसऱ्या खेपेला प्रेक्षकाला ती वाट पाठ झालेली असते. आता नदी येणार, आता ते दार येणार, हे त्याला कुत्र्याइतकेच ठाऊक असते. बुद्धिमान पाठलागाचे हे पहिले लक्षण आमच्या मते येथे दिसले. प्रेक्षकाला वाट दाखवा. वाट ठाऊक नसलेल्या माणसाला भीती वाटत नाही, फक्त गोंधळ वाटतो. अलीकडे पुष्कळ चित्रपटांत दर सेकंदाला दृश्य बदलते, गाडी कोठून आली नि कोठे गेली याचा पत्ता लागत नाही, आणि आपण वयामुळे मंद झालो की काय अशी शंका प्रेक्षकाला येते. तशी शंका घेऊ नये. दोष दाखवणाऱ्याचा आहे.

डी. डब्ल्यू. ग्रिफिथने यात घड्याळ आणले. 1911 चा ‘द लोनडेल ऑपरेटर’ घ्या. आडठाण्यावर तारमास्तराच्या खुर्चीवर त्याची मुलगी एकटी. बाहेर पगाराच्या पैशांवर टपलेले चोर. ती तार पाठवते, दूरवर तिचा सोबती ड्रायव्हर इंजिन सोडतो. एकदा दार, एकदा इंजिन, एकदा मुलगी. तिच्यापाशी पिस्तूल नाही. ती दिवा मालवते आणि अंधारात हातातला लोखंडी पाना पिस्तुलासारखा रोखून चोरांना थोपवून धरते. मदत येते, दिवा लागतो, तेव्हा तो पाना होता हे चोरांना कळते, आणि तेसुद्धा टोपी काढून तिला दाद देतात. पाठलागाच्या चित्रपटात विनोद कोठून येतो, हे आम्हांला या पान्याने शिकविले. हाताशी असलेल्या हत्याराचा भलत्याच कामी पण अगदी योग्य उपयोग झाला की माणसाला हसू येते, आणि त्या हसण्यात आदर असतो. कारखान्यात ज्याने पट्टा तुटल्यावर धोतराच्या काठाने वेळ मारून नेणारा फिटर पाहिला असेल, त्याला हे समजावून सांगायला नको.

आता बस्टर कीटन. अँड्रूजच्या तुकडीतील विल्यम पिटेंजर या शिपायाने लिहिलेली आठवण वाचून कीटनने 1926 साली ‘द जनरल’ हा मूकपट काढला, आणि एक गोष्ट उलटी केली. इंजिन चोरणारे उत्तरेचे शिपाई नायक न करता, ज्याचे इंजिन चोरीला गेले तो दक्षिणेचा ड्रायव्हर त्याने नायक केला. जॉनी ग्रे हे त्याचे नाव. कारण उघड आहे : चोराला इंजिन म्हणजे साधन, ड्रायव्हरला ते पोटचे पोर. सैन्यात भरती व्हायला जॉनी जातो तेव्हा अधिकारी त्याला परत पाठवतात, कारण तो ड्रायव्हर म्हणून अधिक उपयोगी आहे. पण हे त्याला कोणी सांगत नाही. कामगाराची किंमत ओळखायची आणि ती त्याला कळू द्यायची नाही, ही पद्धत फार जुनी दिसते.

या चित्रपटातील एक जागा तर आम्ही कितीही वेळा पाहू. रुळावर स्लीपर आडवा पडला आहे. जॉनी इंजिनाच्या पुढच्या जाळीवर उतरतो, तो उचलतो. तोच पुढे आणखी एक आडवा. इंजिन चालूच. हातातला स्लीपर तो नेम धरून पुढच्याच्या एका टोकावर टाकतो. दोन्ही उडून बाजूला पडतात. तोंडावर हसू नाही, रडू नाही. कीटनच्या चेहऱ्यावर कधीच काही नसते, आणि कामात गुंतलेल्या माणसाचा चेहरा खरोखर तसाच असतो. दुसऱ्या एका जागी तो डब्यावर लाकूड फोडण्यात इतका गढला आहे की त्याच्या पाठीमागे दक्षिणेची फौज माघार घेत पळते आणि उत्तरेची फौज पुढे सरकते, तरी त्याला पत्ता नाही. साऱ्या युद्धाचा पालट होऊन जातो आणि कामगार लाकूड फोडतो आहे. युद्धाच्या इतिहासावर इतके नेमके भाष्य आम्ही मोठ्या ग्रंथांतही फार वाचलेले नाही.

आणि रचना पाहा. पूर्वार्धात जॉनी उत्तरेकडे पाठलाग करीत जातो; उत्तरार्धात इंजिन परत चोरून तो दक्षिणेकडे पळतो आणि शत्रू त्याचा पाठलाग करतात. रूळ तेच, पाण्याची टाकी तीच, पूल तोच. जाताना जे त्याच्यावर बेतले तेच येताना तो दुसऱ्यांवर बेततो. रोव्हर कुत्र्याची ती वाट येथे सव्वा तासाची झाली आहे. शेवटी जळता पूल आणि त्यावरून जाणारे खरे इंजिन नदीत कोसळते. हे दृश्य ऑरेगन प्रांतातील कॉटेज ग्रोव्ह गावाजवळ घेतले. मूकपटांच्या काळातील अत्यंत खर्चिक दृश्यांपैकी ते एक. इंजिन तेथेच नदीत पडून राहिले, आणि दुसऱ्या महायुद्धात भंगारासाठी काढले गेले.

येथे एक कडू गोष्ट सांगितल्याशिवाय आम्हांला पुढे जाता येत नाही. ते युद्ध कशासाठी होते? माणसे विकत घेण्याचा हक्क राखण्यासाठी दक्षिण लढत होती. तेथील लोहमार्गांवर गुलामांचे श्रम ओतलेले होते. कीटनच्या चित्रपटात ती माणसे जवळजवळ दिसतच नाहीत, आणि त्यांचा प्रश्न तर कोठेच नाही. नायक बदलल्याने गंमत वाढली, पण न्यायाची बाजू रुळाबाहेर गेली. पाठलागाचा हा मोठा धोका आहे. जो पळतो किंवा जो धावतो त्याच्या बाजूने प्रेक्षकाचे मन आपोआप झुकते; तो कशासाठी धावतो हे विचारायला वेळच उरत नाही. चित्रपट निघाला तेव्हा तो फारसा चालला नाही. आज तो जगातील थोर चित्रपटांत गणला जातो. आम्हीही गणतो, पण डोळे उघडे ठेवून.

बोलपट आला आणि पाठलागाला जीभ फुटली. आल्फ्रेड हिचकॉकचा 1935 चा ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’ हा जॉन बखनच्या 1915 च्या कादंबरीवरून केलेला. रिचर्ड हॅने या माणसावर खुनाचा खोटा आळ येतो. तो लंडनहून स्कॉटलंडकडे पळतो. पोलीस त्याच्या मागे आणि तो खऱ्या हेरांच्या मागे. एकाच माणसाने एकाच वेळी पळायचे आणि पाठलागही करायचा, ही युक्ती पुढे शेकडो चित्रपटांनी उचलली. यातल्या एका प्रसंगावर आमचे विशेष प्रेम आहे. पोलिसांना चुकवीत हॅने एका सभागृहात शिरतो. लोक त्याला वक्ता समजून व्यासपीठावर चढवतात. सभा निवडणुकीची. उमेदवार कोण, पक्ष कोणता, काही ठाऊक नाही. तो चाचरत सुरुवात करतो, आणि मग छळ नसलेल्या जगाविषयी मनापासून बोलू लागतो. सभा टाळ्यांनी दणाणून जाते. आम्ही पुष्कळ निवडणूक-सभा पाहिल्या आहेत. उमेदवाराचे नाव न घेतल्याने भाषण किती सुधारते, हे हिचकॉकला कळले होते.

त्याच चित्रपटातील ‘मिस्टर मेमरी’ म्हणजे नाटकगृहात लोकांच्या प्रश्नांना पाठांतरातून उत्तरे देणारा कसबी माणूस. हेरांनी विमानाच्या इंजिनाचे गुपित कागदावर न ठेवता त्याच्या डोक्यात भरून ठेवलेले असते. शेवटी भर सभेत हॅने त्याला ओरडून विचारतो, एकोणचाळीस पायऱ्या म्हणजे काय? उत्तर दिले तर मरण. न दिले तर वाचेल. पण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे हा त्याचा धंदा. तो उत्तर देऊ लागतो आणि गोळी लागून पडतो. संपूर्ण रहस्य सोडवले ते एका पोटार्थी कलावंताच्या धंद्याच्या इमानाने.

हिचकॉकचा एक विचार प्रसिद्ध आहे. मेजाखालचा बाँब अचानक फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण बाँब तेथे आहे आणि तो केव्हा फुटणार हे त्याला आधी सांगितले, तर तो पंधरा मिनिटे जीव मुठीत धरून बसतो. किंगस्टनचा लाल बावटा आठवा. मागून गाडी येत आहे हे आधी सांगणारी ती खूण होती. प्रेक्षकाला अंधारात ठेवणारा दिग्दर्शक त्याला मूर्ख समजतो. त्याच्या हातात वेळापत्रक देणारा त्याला सहकारी समजतो.

हिचकॉकचा हा चित्रपट लंडनमध्ये निघाला त्याच्या दुसऱ्याच वर्षी, 1936 साली, मुंबईत परळला होमी वाडिया यांनी ‘मिस फ्रंटियर मेल’ काढला. जहाजे बांधणाऱ्या पारशी घराण्याची जुनी वाडी, लोवजी कॅसल, तेथे वाडिया बंधूंची मूव्हीटोन कंपनी होती. पुढे त्याच जागी व्ही. शांताराम यांचे राजकमल उभे राहिले. भोवती गिरण्या. धावत्या गाडीच्या टपावर मारामारी करणारी नादिया ही मूळची ऑस्ट्रेलियात जन्मलेली. उड्या ती स्वतः मारी. सुशिक्षितांनी या ‘स्टंटपटांना’ हिणवले, आणि बिनआवाजाच्या घरातून आलेल्या कामगारांनी चार आण्यांच्या जागा भरून टाकल्या. त्या चित्रपटांची कथा भाबडी होती हे खरे. पण रेल्वे हा आपल्या जगण्याचा भाग आहे आणि तिच्या टपावरून एक बाई पुरुषांना खाली लोळवू शकते, हे पाहून ज्यांना आनंद झाला, त्यांच्या रसिकतेची चेष्टा करण्याचे आम्हांला तरी कारण दिसत नाही.

रेल्वे मागे पडून मोटार आली, आणि पाठलागाचा रूळ सुटला. 1968 च्या ‘बुलिट’ने सॅन फ्रान्सिस्कोचे चढउतार वापरून मोटारीचा पाठलाग लोकप्रिय केला. पण शहाणे लोक मोटारीलाही रूळ शोधतात. 1971 च्या ‘द फ्रेंच कनेक्शन’मध्ये विल्यम फ्रीडकिनने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात वरून जाणारी खांबांवरची रेल्वे घेतली आणि तिच्याखालच्या रस्त्याने पोलिसाची मोटार पळविली. वरची गाडी वळेल तिकडेच खालच्याने वळायचे. प्रसंग अप्रतिम आहे. मात्र वरच्या गाडीत गुन्हेगाराच्या गोळीने गाडीचा एक नोकर मरतो, ड्रायव्हर हृदयविकाराने कोसळतो, आणि चित्रपट त्यांच्याकडे पुन्हा वळूनही पाहत नाही. आमच्यासारख्याचे लक्ष तेथेच अडकून राहते. त्यांच्या बायकामुलांचे काय झाले?

त्याच वर्षी तरुण स्टीव्हन स्पिलबर्गने दूरचित्रवाणीसाठी ‘ड्युएल’ केला. एक साधा प्रवासी आपल्या लहान मोटारीतून चालला आहे, आणि एक जुनाट, भला मोठा टँकर विनाकारण त्याचा जीव घेऊ पाहतो. टँकरवाल्याचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही. आरंभीच पेट्रोल भरणारा नोकर सांगतो, साहेब, रेडिएटरची नळी बदला. प्रवाशाला वाटते, हा माल खपवतो आहे. पुढे ऐन चढावर तीच नळी फुटते. सारी गोष्ट त्या नळीवर टांगलेली आहे. हाताने काम करणाऱ्याचा सल्ला कोट-टायवाल्याने ऐकला नाही, याची ती शिक्षा. ट्रकवाल्याला राक्षस केल्याबद्दल आमचे भांडण आहेच, पण नळीसाठी आम्ही ते तूर्त सोडून देतो. आणि 2015 चा जॉर्ज मिलरचा ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’ ज्यांनी पाहिला असेल, त्यांनी त्यातली आरडाओरड बाजूला ठेवून वाट तेवढी पाहावी. एक बाई मोठा टँकर चालवीत वाळवंटात निघते, आणि अर्ध्यावरून त्याच वाटेने, त्याच खिंडीतून, पाणी जेथे कोंडून ठेवले आहे तेथे परत येते. हा ‘जनरल’चा नकाशा आहे, नव्वद वर्षांनंतरचा.

काळाचा क्रम मोडून एक चित्रपट आम्ही मुद्दाम मागे ठेवला. 1964 चा ‘द ट्रेन’, दिग्दर्शक जॉन फ्रँकनहायमर. 1944 चा ऑगस्ट. दोस्त फौजा पॅरिसजवळ आल्या आहेत. जर्मन कर्नल फॉन वाल्डहाइम फ्रान्समधील अमोल चित्रे पेट्यांत भरून आगगाडीने जर्मनीला नेऊ पाहतो. ती थांबवायची आहे, आणि उडवायची तर नाही, कारण आत चित्रे आहेत. रेल्वेचा निरीक्षक लाबिश (हे काम बर्ट लँकेस्टरने केले) आरंभी साफ नकार देतो : चार चित्रांसाठी माझी माणसे मारू? कामगारांचा पुढारी प्रथम हेच विचारील, आणि त्याने ते विचारलेच पाहिजे.

पण म्हातारा ड्रायव्हर बूल ऐकत नाही. तो इंजिनाच्या तेलाच्या नळीत नाणी घालतो. इंजिन बिघडते, लबाडी उघडकीस येते, आणि त्याला गोळी घालतात. पुढे जे होते ते साऱ्या चित्रपटकलेतील अत्यंत चतुर कारस्थानांपैकी एक आहे. गाडी निघते. ठाण्यामागून ठाणी जातात. पाट्यांवरील नावे पाहून जर्मन पहारेकरी खूश होतात की आपण सरहद्दीकडे चाललो. प्रत्यक्षात सांधेवाले, स्टेशनमास्तर, तारमास्तर यांनी मिळून पाट्या बदलल्या आहेत आणि गाडीला मोठा वळसा घालून ती पॅरिसकडेच परत आणली आहे. एकेक माणूस आपले रोजचे काम करतो आहे; फक्त थोडेसे वेगळे. प्रेक्षकाला सगळे ठाऊक आहे, पहारेकऱ्याला काही ठाऊक नाही. आम्ही संपाची पुष्कळ तयारी पाहिली आहे. इतकी देखणी पाहिली नाही. इंजिने एकमेकांवर आदळतात तीही खरीच, खेळण्यातली नव्हेत.

याची किंमतही चित्रपट लपवीत नाही. शेवटी रुळाकाठी पेट्या विखुरल्या आहेत, त्यांवर मोठमोठ्या चित्रकारांची नावे. आणि शेजारी ओलीस धरून गोळ्या घातलेल्या माणसांची प्रेते. कर्नल लाबिशला हिणवतो की, ही चित्रे तुला काय कळतात; सौंदर्य ज्याला कळते त्याचेच ते असते; तू हे का केलेस हे तुला सांगताही येणार नाही. लाबिश त्या प्रेतांकडे पाहतो आणि गोळी झाडतो. चित्रे तेथेच टाकून तो लंगडत रस्त्याने निघून जातो. ज्या स्नेह्यांनी आमच्या विषयावर नाके मुरडली, त्यांना आम्ही कर्नलच्या रांगेत बसवीत नाही. पण कर्नलचे वाक्य आम्ही त्यांच्यापुढे ठेवतो.

या कथेला आधार आहे रोझ व्हालाँ या बाईंच्या 1961 च्या पुस्तकाचा. पॅरिसमधील ज्या संग्रहालयात जर्मनांनी लुटलेली चित्रे जमविली होती तेथे त्या नोकरीला होत्या, आणि कोणती पेटी कोठे चालली याची गुपचूप नोंद ठेवीत होत्या. खरी गाडी चित्रपटातल्यासारखी धावली नाही. ती जवळजवळ हललीच नाही. ऑगस्टच्या आरंभी पाच डब्यांत 148 पेट्या भरल्या गेल्या. बाकीचे डबे लुटलेल्या सामानसुमानाचे. ते भरून होईपर्यंत दिवस गेले. मग रेल्वेच्या माणसांनी कधी भार जास्त सांगितला, कधी इंजिन नादुरुस्त, कधी मार्ग मोकळा नाही. कागद एका मेजावरून दुसऱ्या मेजावर गेला. 10 ऑगस्टला पॅरिसच्या रेल्वे कामगारांचा संप सुरू झाला. गाडी शहराच्या हद्दीजवळच ओल्ने येथे अडकून पडली. महिनाअखेरीस फ्रेंच सेनेची तुकडी तेथे पोचली. तिच्यावरचा तरुण अधिकारी अलेक्झांडर रोझेनबर्ग हा पॅरिसमधील एका प्रसिद्ध चित्रविक्रेत्याचा मुलगा. त्याने डबे उघडवले, पेट्या फोडल्या, आणि त्यांतून निघालेली काही चित्रे त्याने लहानपणी आपल्या बापाच्या घरी भिंतीवर पाहिलेली होती.